द्राक्षबागेतला थर्मामीटर, फोर्थ भाषा आणि लोकांना तिच्याकडे वळवायचं कसं?

गोदाकाठचा_सोल्डर (धागालेखक)

राम राम मंडळी.

तीन वर्षं झाली, मी फोर्थ नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नादी लागलोय. बायकोच्या शब्दांत, "ते तुझं उलटं गणित", कारण यात आधी आकडे लिहायचे आणि त्यांचं काय करायचं ते शेवटी. नाशकात ही भाषा वापरणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही, म्हणून गेल्या दिवाळीत ठरवलं की आपणच चार माणसं तयार करायची. 'फोर्थ का शिकावी?' असा चौदा मुद्द्यांचा लेख लिहिला आणि कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. एकाने विचारलं, "पहिली, दुसरी, तिसरी कुठाय?" संपलं.

मग जानेवारीत चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला. पहाट, कसबे सुकेण्याजवळची मामाची द्राक्षबाग, बॅटरीच्या उजेडात एक प्लॅस्टिकचा डबा, त्यातून निघालेली वायर माझ्या फोनला. फोनवर मी 'ताप .' एवढंच टाइप करतो (टिंब म्हणजे 'आकडा दाखव') आणि खाली ४१२ येतं, म्हणजे ४.१२ अंश. मागे मामाचा आवाज, "पेटव रे शेकोट्या." त्या व्हिडिओवर साठ-सत्तर प्रश्न आले. डबा कुठला, सेन्सर कुठला, फोनवर हे कसं चालतं, कोड दे. कोड दिल्यावर मग, "ही कुठली भाषा रे?"

म्हणून हा धागा. भाषेचं कीर्तन कमी करतो, आधी वस्तू सांगतो.

थंडीत निफाडचा पारा किती उतरला हे दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा असतो. तो खराच असतो, पण तो कुंदेवाडीचा. मामाची बाग ओहोळाला लागून खोलगट जागेत आहे आणि थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन तिथे साचते. मामाच्या हिशेबाने पारा पाच-सहाच्या खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, आणखी उतरला की मणी तडकायची भीती. मग शेकोट्या पेटवायच्या, बोअरचं कोमट पाणी ड्रिपने सोडायचं. पण पेटवायच्या कधी? आत्ता किती आहे ते आत्ताच कळायला हवं.

डब्यात आर्डुइनो ऊनो आहे, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड. नेहमीचाच, एटमेगा ३२८ वाला: ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. त्यावर आर्डुइनोचं नेहमीचं सॉफ्टवेअर काढून फ्लॅशफोर्थ, म्हणजे चिपवर बसणारं फोर्थ, टाकलंय. ते यूएसबीवरून सरळ जात नाही, कारण बूटलोडरच्या (यूएसबीवरून प्रोग्रॅम आत घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) जागेत फ्लॅशफोर्थच बसतं. दुसरा एक ऊनो प्रोग्रॅमर म्हणून जोडायचा आणि त्याच्यामार्फत भरायचं. एकदाच करावं लागतं. सेन्सर डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीतला, वॉटरप्रूफ. वायर वीस-बावीस मीटर आहे, त्यामुळे पुस्तकातला ४.७ किलोओहमचा पुल-अप (डेटाची तार आणि वीज यांच्यामध्ये लावायचा रेझिस्टर) पुरला नाही, वाचन मध्येच गळायचं. २.२ लावल्यावर सुरळीत झालं.

आता गंमत ऐका. पहिल्याच पहाटे मामाने फोन हातात घेतला, 'ताप .' टाइप केलं आणि आलं ८५००. बाहेर तोंडातून वाफ निघतेय आणि डबा म्हणतो ८५ अंश. मामा म्हणाला, "भाचेबुवा, एवढ्या डिग्रीत द्राक्षं नाय, बेदाणे होत्याल."

कारण साधं होतं. या सेन्सरला वीज मिळाली की त्याच्या पोटात आधीपासून ८५ हा आकडा बसलेला असतो. 'मोज' असा हुकूम दिल्यावर पूर्ण अचूकतेने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. मी घाईने लगेच विचारत होतो, तो जुनंच उत्तर देत होता. हे मला घरी जाऊन लॅपटॉप उघडून, कोड बदलून, परत भरून शोधावं लागलं नाही. तिथेच बांधावर बसून, फोनवर एकेक शब्द टाइप करत शोधलं. आधी नुसतं मोजायला सांगितलं, मनात एक-दोन म्हटलं, मग वाचलं: ३८७. सापडला चोर. तिथेच शब्द (फोर्थमध्ये छोट्या प्रोग्रॅमला 'शब्द' म्हणतात, तो ':' ने सुरू होतो आणि ';' ने संपतो) नव्याने लिहिला:

: ताप-मोज  जागव २०४ पाठव ६८ पाठव ७५० थांब ;

: ताप  ताप-मोज जागव २०४ पाठव १९० पाठव घे घे २५६ * + १०० १६ */ ;

(बोर्डावर नावं रोमनमध्येच आहेत, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिली.)

२०४ म्हणजे 'नाव-गाव सोडा, जो कोणी तारेवर आहे त्याने ऐका', ६८ म्हणजे मोज, १९० म्हणजे काय मोजलंस ते सांग. दोन बाइट येतात, ते जोडायचे. सेन्सर एका अंशाचे सोळा भाग करून सांगतो, त्याचे शंभर भाग करायला १०० ने गुणून १६ ने भागायचं. शेवटचं ते '*/' हे जोडचिन्ह फोर्थमधली माझी सगळ्यात लाडकी वस्तू. ऊनोवर फ्लॅशफोर्थचे आकडे १६ बिटांचे, म्हणजे ३२७६७ च्या वर गेले की उलटे फिरतात. नुसता गुणाकार केला असता तर वीस अंशांनाच ३२० गुणिले १०० करताना कडेलोटाच्या काठावर आलो असतो. हा शब्द मधला गुणाकार ३२ बिटांत धरतो आणि मग भागतो.

चिपवरच बसलेली, बोलती भाषा. दोन किलोबाइट रॅममध्ये. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी चौदा मुद्दे गेले खड्ड्यात.

तुम्हीही काही केलं असेल तर इथे टाका. फोर्थमध्ये नसलं तरी चालेल.

---

उलटसुलट

वाचनखूण साठवली. पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हेच सगळं आर्डुइनोच्या सी मध्ये वीस ओळींत होतं, लायब्ररी तयार मिळते, ८५ ची भानगड ती लायब्ररीच सांभाळते. चिपशी बोलायचंच असेल तर मायक्रोपायथन, म्हणजे चिपवर चालणारं पायथन, आहे. मग पन्नास वर्षं जुनी भाषा लोकांच्या गळ्यात का मारायची? वस्तू छान आहे, भाषा निमित्तमात्र आहे.

---

गोदाकाठचा_सोल्डर

@उलटसुलट, राग कसला. लायब्ररीबद्दल मान्य. मायक्रोपायथनचं मात्र गणित बसत नाही: त्याला साधारण २५६ किलोबाइट फ्लॅश आणि १६ किलोबाइट रॅम लागते, ऊनोत ती नाही. ईएसपी३२ किंवा पिको असे जास्त मेमरीचे बोर्ड घेतलेत तर जरूर मायक्रोपायथन वापरा, मीही वापरतो. पण घरोघरी ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला असतो तो ऊनोच. पोराच्या सायन्स प्रोजेक्टसाठी घेतलेला.

आणि गळ्यात मारणं म्हणाल तर तेच टाळायचं म्हणून हा धागा काढलाय. चौदा मुद्द्यांनी ते करून बघितलं.

---

निफाडकर_शेतकरी

सोल्डरभाऊ, व्हिडिओ आमच्याही ग्रुपवर फिरत आला होता, तो तुमचा हे आत्ता कळलं. चार गोष्टी विचारतो. पहाटे तीनला उठून डब्याला फोन लावायचा असेल तर मी गोधडीतून हात बाहेर काढूनच सांगतो थंडी किती ते. डबा मला उठवणार का? भोंगा पाहिजे.

दुसरं, आम्ही भुरीसाठी गंधक मारतो. तुमचा डबा किती महिने टिकला?

एका कंपनीचं हवामान यंत्र आमच्या शेजाऱ्याने घेतलंय. वर्षाची वर्गणी संपली की आकडे बंद, आणि यंत्र उभंच. कावळे बसतात त्याच्यावर. तसलं काही नको.

---

गोदाकाठचा_सोल्डर

@निफाडकर_शेतकरी, भोंगा नव्हता, आता लावतो. शब्द असा होईल: ताप ५०० < भोंगा. पाचाच्या खाली गेलं की वाजणार. तुम्ही सांगितल्यावर लाज वाटली, इतकं साधं सुचलं नाही.

गंधकाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. फेब्रुवारीत डबा उघडला तर कनेक्टरचं तांबं काळंठिक्कर. मामी म्हणाली, "देवाची भांडी बघितली नाहीस का कधी?" खालच्या वायरच्या भोकातून वाफारा आत शिरत होता. आता भोकाला केबल ग्लँड बसवलंय, जोड सोल्डर करून वर गरम करून आक्रसणारी नळी चढवलीय. आणि हो, डब्यात पालीने दोन अंडी घातली होती, ती वेगळी कथा.

वर्गणी नाही, इंटरनेट नाही. बॅटरी संपली की बंद, भरली की चालू.

---

आरपीएन_आजोबा

ओझरला एकतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. हा धागा बघून कपाटातून जुना एचपीचा कॅल्क्युलेटर काढला. त्याला 'बरोबर'चं (=) बटणच नाही. पाच, एंटर, तीन, अधिक. नवीन पोरं तो हातात घेऊन गोंधळायची आणि मग कोणी मागून न्यायचं नाही, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा होता.

लेखकाने भाषेबद्दल फारच कमी सांगितलं, म्हणून थोडी भर घालतो. चार्ल्स मूर या माणसाने ही स्वतःच्या कामासाठी रचत आणली आणि १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या किट पीकच्या ११ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीवर ती कामाला लागली. दुर्बीण फिरवायची, मोजमाप घ्यायचं, आणि खगोलशास्त्रज्ञ समोर बसून हुकूम सोडणार. मामाच्या बांधावर जे झालं तेच, फक्त दुर्बीण मोठी होती. नावाची गोष्ट अशी की त्याला 'चौथ्या पिढीची' म्हणून 'फोर्थ' हा पुरा इंग्रजी शब्द ठेवायचा होता, पण आयबीएम ११३० वर फाइलचं नाव पाच अक्षरांचंच चालायचं. सहापैकी एक अक्षर गळालं ते कायमचं. तेव्हा तुमच्या मित्राचा 'पहिली, दुसरी, तिसरी कुठाय' हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये धूमकेतूवर उतरलेलं फिले यान आठवत असेल. त्याच्या मुख्य संगणकात आरटीएक्स२०१० हे प्रोसेसर होते, फोर्थची घडण थेट सिलिकॉनमध्ये उतरवलेले. ते यान आपटून उसळलं, कडेला सावलीत जाऊन पडलं, पण संगणकाने काम सोडलं नाही.

आता माझा खरा मुद्दा. इंग्रजाला ही भाषा उलटी वाटते. आपल्याला का वाटावी? आपण 'मिळव पाच तीनमध्ये' म्हणतो का? आपण म्हणतो, 'पाचात तीन मिळव'. क्रियापद शेवटी. '७५० थांब', '२०४ पाठव' हे तर सरळ मराठी आहे, दुकानातल्या पोऱ्याला सांगितल्यासारखं. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं, आणि त्यांनी १९८० च्या दशकातच फोर्थच्या धर्तीवर 'माइंड' नावाची जपानी शब्दांची भाषा केली. आपल्याकडे कोणी केलं नाही. सूनबाईंच्या शब्दांत उलटं गणित असेल, पण मराठीला ते सुलटं आहे.

---

गोदाकाठचा_सोल्डर

आजोबा, साष्टांग. 'पाचात तीन मिळव' हे बायकोला वाचून दाखवलं. "मग भाजीत मीठ कोण टाकणार तेही तुझ्या भाषेत सांग," म्हणाली. ('भाजी मीठ टाक.' बरोबर चालतं.)

---

पंचवटीची_प्राची

मी प्रोग्रॅमर नाही, बँकेत आहे. मागे सोल्डरदादांनी दिलेला कोड वाचून खटपट केली, ती इथे टाकायची का नाही असं दहा दिवस चाललं होतं. हसू नका.

आमच्या सोसायटीच्या टाकीत पाणी किती हे बघायला गच्चीवर जावं लागतं. दोन नंबरचे काका जातात, त्यांचे गुडघे दुखतात, मग ते चिडतात, मग मीटिंग होते. माझी मुलगी सातवीत. तिला शाळेतून काहीतरी 'वर्किंग मॉडेल' हवं होतं. ती म्हणाली, आई, पूर आला की तू बाल्कनीतून ओरडतेस ना, मारुतीच्या कमरेपर्यंत आलं म्हणून. आपण मारुतीच करू.

तर आम्ही पुठ्ठ्याचा दुतोंड्या मारुती केलाय (गोदावरीच्या पात्रातला, ज्याच्यावरून नाशकात पुराचं पाणी मोजतात, तो). अडीच फुटांचा, शेंदरी रंगवलेला. पायाशी, गुडघ्याशी, कमरेला आणि छातीला एकेक निळा दिवा. टाकीवर तो आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर, वॉटरप्रूफ प्रकारातला. पाणी चढेल तसे मारुतीच्या अंगावरचे दिवे लागत जातात. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये लावलाय. आता काका खिडकीतूनच विचारतात, "मारुती कुठवर?" वॉचमन म्हणतो, "गुडघे!" मग मोटर चालू.

कोड मुलीने आणि मी मिळून लिहिला, नावं तिची:

: पाणी  १५० अंतर - ;

: मारुती  पाणी
  डुप ३० > पाय
  डुप ६० > गुडघे
  डुप ९० > कंबर
  १२० > छाती ;

'डुप' म्हणजे वरच्या आकड्याची एक प्रत काढ, कारण तुलना केली की आकडा खर्च होतो. हे तिला पटवायला मी पंगतीतल्या ताटांची चळत सांगितली: वरचं ताट कोणी उचललं की गेलं, पुढच्यासाठी आधीच दुसरं ठेव. शेवटच्या ओळीत डुप नाही, कारण पुढे जेवायला कोणी नाही.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. भाषेचं नाव लिहिलंच नव्हतं, मला त्याचं काही विशेष वाटलंही नव्हतं. अकरा पालकांनी कोड मागितला.

---

निफाडकर_शेतकरी

आरारारा. ताई, हा मारुती मला पाहिजे. शेततळ्यावर लावतो.

---

उलटसुलट

माझे आधीचे आक्षेप कायम ठेवून सांगतो: तो 'मारुती' शब्द मी तीनदा वाचला. मला एकही ओळ समजावून घ्यावी लागली नाही. सी मध्ये हा असा दिसला नसता.

---

गोदाकाठचा_सोल्डर

प्राचीताई, हसतंय कोण? मी चौदा मुद्द्यांचा लेख लिहिला, तुम्ही दहा दिवस लाजत बसलात आणि अकरा माणसं मिळवलीत.

एक तांत्रिक शंका. 'अंतर' शब्दात तुम्ही ५८ ने भागता ना? आवाजाला एक सेंटिमीटर जाऊन परत यायला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात, पण ते वीस अंशांच्या हवेत. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीत हवा चाळीसला जाते, आवाज तिथे जास्त वेगाने पळतो. मीटरभर अंतराला साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडेल, आणि टाकीत आहे त्यापेक्षा पाणी जास्त दिसेल. तुमच्या चार दिव्यांना तो चालून जाईल, शेततळ्यावर लिटर मोजायचे असतील तर चालणार नाही. दुसरं, वॉटरप्रूफ सेन्सरला जवळचं दिसत नाही, पहिले वीस-पंचवीस सेंटिमीटर आंधळे असतात. तुमची 'छाती' १२० ला आहे म्हणून निभावलं. मारुतीच्या मुकुटाला दिवा लावायला जाऊ नका.

---

पंचवटीची_प्राची

५८ च आहे. मुकुटाचा दिवा लावला होता, तो कधी लागतो कधी नाही, म्हणून मुलीने वैतागून काढला. आत्ता कळलं का ते. आणि मुकुटापर्यंत आलं तर तसंही आपण सगळे गंगापूर रोडला नातेवाइकांकडे असतो.

---

आरपीएन_आजोबा

हे मोजमाप नाशिककराला नव्याने शिकवावं लागत नाही. धरणातून किती क्युसेक सोडलं हे रेडिओवर सांगायचे तेव्हाही आमची आई विचारायची, "ते असू दे, मारुतीच्या कुठवर आलंय?"

---

ईटीसी_तिसरं_वर्ष

नमस्कार सर, मॅडम. मी इथे इंजिनीअरिंगला आहे. दोन प्रश्न. (१) रेझ्युमेवर फोर्थ लिहिलं तर कॅम्पसमध्ये उपयोग होईल का? (२) सोल्डर सरांचा कोड आमच्या ग्रुपवर आला होता, तो चालत नाही. शब्दापुढे प्रश्नचिन्ह येतं. कोड चुकीचा आहे का?

---

गोदाकाठचा_सोल्डर

@ईटीसी_तिसरं_वर्ष

पहिल्याचं उत्तर: नाही. सी आणि पायथन लिही. फोर्थची ओळ शेवटी टाक. मुलाखत घेणारा जुना एम्बेडेडवाला निघाला तर तो फक्त त्याच ओळीबद्दल विचारेल, बाकीचे तिकडे बघणारही नाहीत.

दुसऱ्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण यात माझी चूक आहे आणि पुढे कोड टाकणाऱ्यांनी ती करू नये. मी कोड मेसेजमध्ये चिकटवून पाठवला होता. फोर्थला शब्द फक्त रिकाम्या जागेने ओळखता येतात आणि चिन्हं हेच तिचे शब्द. कोणाच्या तरी आयफोनने पुढे ढकलताना सरळ अवतरणचिन्ह सुबक वाकडं केलं, दोन वजाचिन्हांची मिळून एक लांब रेघ केली. माणसाला फरक दिसत नाही, फोर्थ म्हणते असला शब्द मला माहीत नाही, आणि प्रश्नचिन्ह. आणखी वाईट म्हणजे, मी ओळीच्या शेवटी तिरक्या रेघेनंतर टिपा लिहिल्या होत्या. कुठेतरी ओळी जोडल्या गेल्या आणि त्या टिपेने पुढचा सगळा कोड गिळला. त्यावर प्रश्नचिन्हही येत नाही, शब्द नुसताच अर्धवट राहतो. एका माणसाने माझ्यासोबत दीड तास फोनवर घालवला त्यापायी.

म्हणजे कोड फाइल करूनच पाठवायचा. टिपा कंसात लिहायच्या, कंस निदान बंद तरी होतो. आणि मेसेजमध्ये फोटो, जोडणीचं चित्र आणि वापर एवढंच. चित्र हाताने काढलेलं चालेल, फक्त पुल-अप कुठून कुठे जातो ते दाखवा, तो लोक हमखास विसरतात.

---

उलटसुलट

+१. माझीही एक भर: बिघडलेल्या वस्तूचा फोटो टाका. तुमच्या काळ्या पडलेल्या कनेक्टरचा फोटो मी मागायचाच विचार करत होतो. सगळ्यांचे प्रकल्प चकाचक दिसतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं आपलंच जळतं. आणि कृपया त्या व्हिडिओंना मागे संगीत लावू नका.

अवांतर: देवनागरी शब्द खरोखर चालतात का, का फक्त इथे दाखवायला?

---

गोदाकाठचा_सोल्डर

घरच्या संगणकावर जीफोर्थमध्ये चालतात, मी करून बघितलंय. फक्त अंक आपले नेहमीचेच टाइप करावे लागतात, देवनागरी अंक त्याला कळत नाहीत. बोर्डावर अडचण वेगळी. फ्लॅशफोर्थमध्ये शब्दाच्या नावाला जास्तीत जास्त १५ बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. 'तापमान'ची सहा चिन्हं, अठरा बाइट, बसत नाही. 'ताप' नऊ बाइटांत बसला असता. मला उगाच वाटतं की ही भाषा माझ्याबद्दल काहीतरी सुचवतेय.

---

निफाडकर_शेतकरी

भोंगा झाला का?

---

गोदाकाठचा_सोल्डर

झाला. मामाने बंद केला. पहिल्या रात्री पावणेपाचशे आणि सव्वापाचशेच्या मध्ये आकडा हेलकावे खात होता, भोंगा दर दोन मिनिटांनी चालू-बंद, चालू-बंद. गल्लीतली कुत्री उठली. आता पाचाच्या खाली चालू आणि सहाच्या वर गेल्याशिवाय बंद नाही असं केलंय. फ्रिजचा थर्मोस्टॅट असंच करतो, हे आधी सुचायला हवं होतं. मामा म्हणतो पुढच्या वर्षी लाव, यंदा शेजाऱ्यांना बेदाणे वाटून झालेत.

---

पंचवटीची_प्राची

ज्यांना मारुती करायचा आहे त्यांच्यासाठी: रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बसतोय. आतापर्यंत सात पालक आणि नऊ मुलं. ऊनो असेल तर घेऊन या, बहुतेकांच्या घरी निघाला. सोल्डरदादा प्रोग्रॅमर जोडून सगळ्यांना फ्लॅशफोर्थ भरून देणार आहेत. पुठ्ठा आणि शेंदरी रंग इथे आहे. पत्ता निरोपातून कळवते. नाश्त्याला मिसळ सांगितलीय, तिखट कमी हवी असेल तर आधी सांगा, नंतर तक्रार चालणार नाही.

---

आरपीएन_आजोबा

येतो. कॅल्क्युलेटर घेऊन. मुलांना हात लावू देईन, मोठ्यांना नाही.

---

ईटीसी_तिसरं_वर्ष

सर, फाइलमधून कोड टाकला, प्रश्नचिन्ह गेलं. पुल-अप पण लावला. होस्टेलच्या खोलीत पंखा फुल आहे तरी ८५०० येतंय. सेन्सर डुप्लिकेट निघाला का? दुकानदार परत घेत नाही.

---

गोदाकाठचा_सोल्डर

दुकानात जाऊ नको. ७५० थांब.